शेजाऱ्यांचा फोन, आपला फोन

अंबरनाथमध्ये आमच्या लहानपणी लग्नपत्रिकेवर फोन नंबरापुढे ‘पी.पी.’ असं छापलेलं असे. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा. “काकू, काकांचा फोन!” हा निरोप घेऊन मी कितीदा तरी पळालो आहे. काकू कणकेच्या हातानेच यायच्या आणि शेजारच्या चार माणसांदेखत नवऱ्याशी “हो”, “बरं”, “या मग” एवढंच बोलायच्या. फॅक्टरीतल्या कामगारांच्या बहुतेक संसारांचं बोलणं असंच चाले.

उल्हासनगरच्या व्यापारी घरांत फोन दोन, एक दुकानात आणि एक घरी. पण घरचा फोन दिवाणखान्यात, सगळ्यांच्या कानांसमोर. डायलला छोटं कुलूप घालायची पद्धतही तेव्हा होती, किल्ली वडीलधाऱ्यांकडे. पैसा होता, पण सुनेला एकांत नव्हता.

तो एकांत पहिल्यांदा मिळाला पीसीओच्या काचेच्या खोक्यात. मुलूख सोडून आलेला कारागीर दर उतरल्यावर, रात्री उशिरा, रांगेत उभा राहायचा. दार ओढून घ्यायचा, पण नजर मीटरच्या लाल आकड्यांवर. मायेचे शब्दसुद्धा हिशेबात बसवावे लागत. दादरहून बदलापूरला घरी फोन लावणं हेदेखील एसटीडीच, कारण मुंबईचा कोड ०२२ आणि आपला ०२५१. गाडी रखडली तर बायकोला कळायला मार्ग नसे.

मे २००३ मध्ये मोबाइलवर इनकमिंग फुकट झालं आणि मिस्ड कॉलची भाषा जन्मली. एक रिंग म्हणजे गाडी मिळाली, दोन म्हणजे कुकर लाव. पगारदार जोडपी एसएमएसवर गेली, हातावर पोट असलेल्यांनी रिंगवर संसार केला. ज्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यालाही रिंग मोजता येत होती.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि वाटलं, आता भेद संपला. नाही संपला. बदलापूरचं नोकरदार जोडपं लोकलच्या दोन डब्यांतून व्हॉट्सॲपवर गप्पा मारतं. एका खोलीच्या घरात फोन एकच, तोही नवऱ्याच्या खिशात. नवरा बाहेर पडला की बायकोचं माहेरही तुटतं आणि नवराही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) स्वतः वापरायला मोबाइल असलेल्या स्त्रिया देशभरात ५४ टक्केच निघाल्या.

घरात दुसरा फोन घ्यायची ऐपत होईल तेव्हा तो बायकोच्या हातात द्या, आणि त्याचा पासवर्ड विचारू नका.