गेळ्याचा फेस आणि क्रीमची डबी

शहापूर-मुरबाडच्या जंगलात गेळ्याचे काटेरी झाड आढळते. त्याची फळे कुटून पाण्यात घुसळली की फेस येतो. हीच फळे डोहात टाकून मासे गुंगवण्याची रीत सह्याद्रीत जुनी आहे. फेस आणणारे द्रव्य आणि माशाला भोवणारे द्रव्य एकच : सॅपोनिन. रिठा, शिकेकाई यांतही याच वर्गातील द्रव्ये असतात. म्हणून क्रीमच्या डबीवर ‘पायसीकारक वनस्पतिजन्य, अर्थात निर्धोक’ अशा अर्थाचे काही वाचले की मला गेळा आठवतो.

पायसीकारकाचे काम काय? बाटलीत पाणी व चमचाभर गोडेतेल घालून जोराने हलवा. थोड्याच वेळात तेल पुन्हा वर येते. तेल व पाणी यांच्या सीमेवर ताण असतो आणि सीमा जितकी लहान तितकी तिची ऊर्जा कमी. त्यामुळे थेंब एकमेकांत मिळून मोठे होत जातात. आता त्यात रिठ्याचे पाणी घालून हलवा. मिश्रण दुधासारखे पांढरे होते आणि बराच वेळ तसेच राहते. सॅपोनिनच्या रेणूचा एक भाग पाण्याला धार्जिणा, दुसरा तेलाला. हे रेणू थेंबाभोवती दाटीने बसतात, सीमेवरचा ताण उतरतो व थेंब जवळ आले तरी एक होत नाहीत. सूक्ष्म थेंबांवरून प्रकाश विखुरतो, म्हणून पांढरेपणा. हेच पायस, दूध हेही पायस आणि क्रीमही.

पण माशाच्या कल्ल्यांतील पेशींचे आवरणही स्निग्ध द्रव्यांचेच असते. सॅपोनिन त्यात शिरून ते फोडते. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर जेमतेम 0.01 ते 0.02 मिलिमीटर जाडीचा. त्यातील मृत पेशींच्या फटी स्निग्ध द्रव्यांनी लिंपलेल्या असतात. अंगातले पाणी त्यामुळेच टिकते. बाटलीतले तेल कोणते आणि त्वचेचे लिंपण कोणते, हे रेणूला कसे कळावे! शिकेकाई काही मिनिटांत धुऊन जाते, क्रीम मात्र दिवसभर अंगावर राहते.

म्हणून क्रीममध्ये सौम्य पायसीकारक निवडतात. सोयाबीनमधील लेसिथिन हे त्यांपैकी एक. त्यातील फॉस्फोलिपिडे आपल्या पेशींच्या आवरणातही असतात. ग्लिसरिल स्टिअरेट हे दुसरे. त्यातले स्टिअरिक आम्ल पामतेलापासून काढा की जनावराच्या चरबीपासून, शुद्ध केल्यावर रेणू तोच! तेव्हा डबी हाती घेताना रेणू कोणता, प्रमाण किती आणि तो अंगावर किती वेळ राहणार, हे विचारावे.

वरचा प्रयोग करताना रिठ्याचे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबते.