न वाजणाऱ्या टॅपेटची काळजी

गाडी सुरू केली की बॉनेटखालून टकटक येते. मेकॅनिक कान देऊन सांगतो, "टॅपेट वाजतायत, सेटिंग करून घ्या." जुनी मारुती 800, ओम्नी किंवा प्रीमियर पद्मिनी असलेल्या घरांत हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं आहे, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण त्यातून एक घातक समजूत रुजली: आवाज नाही, म्हणजे व्हॉल्व्ह ठीक. वाजणारा टॅपेट निदान आपली तक्रार सांगतो. ज्या व्हॉल्व्हची फट संपत आली आहे तो मात्र गप्प असतो आणि गप्प राहूनच जळतो.

इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि मिटतो. रॉकर आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यामध्ये थोडी फट ठेवलेली असते, ती व्हॉल्व्ह पूर्ण मिटावा म्हणून. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हला जळालेल्या वायूची धग सतत लागते आणि ती धग बाहेर टाकायचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे मिटल्यावर सीटला घट्ट टेकणं. फट संपली की तो किंचित उघडा राहतो. उष्णता सीटमध्ये उतरत नाही, कडेतून तापलेला वायू निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळू लागते. मग काँप्रेशन उतरतं, सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, एक सिलिंडर मिसिंग मारतो. इथवर आल्यावर टॅपेट सेटिंगने काही साधत नाही, हेड उतरवावंच लागतं.

फट कमी का होते? रॉकर आणि कॅम झिजले की ती वाढते, आवाज येतो. सीट झिजली की उलट घडतं: व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसतो, त्याचा दांडा वर सरकतो आणि फट आक्रसते. पेट्रोलमध्ये शिसं होतं तोवर सीटला त्याचं थोडं संरक्षण मिळे. भारतात 2000 साली शिसंयुक्त पेट्रोलची विक्री थांबली. हवेसाठी ते फार चांगलं झालं, पण शिशाच्या भरवशावर बनवलेल्या जुन्या हेडांना आधार उरला नाही. सीएनजी त्याहून कोरडा. म्हणून जुन्या गाडीला नंतर किट बसवलं असेल, तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरची वाट न पाहता फट आधीच तपासावी, असं माझं ठाम मत आहे.

हे काम स्वतः करायचं का, याचं उत्तर तुमच्या इंजिनात काय बसवलं आहे त्यावर ठरतं. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर ते तेलाच्या दाबावर फट आपोआप सांभाळतात. तिथे सेट करण्यासारखं काही नाही, आवाज आला तर आधी तेलाची पातळी आणि दर्जा बघा. काही इंजिनांत ठरावीक जाडीच्या चकत्या किंवा टॅपेट असतात. त्यांची फट घरी मोजता येते, पण बदलायची तर बहुधा कॅमशाफ्ट काढावा लागतो, म्हणजे टायमिंगला हात लागतो. ते वर्कशॉपवर सोडा. तिसरा प्रकार स्क्रू आणि लॉकनटचा. मारुती 800, ओम्नी, होंडाची बरीच पेट्रोल इंजिनं यात मोडतात. चिकाटी असेल तर हे काम घरी नीट होतं.

जुन्या कार्ब्युरेटरवाल्या 800 मध्ये तीन सिलिंडर आणि सहाच व्हॉल्व्ह आहेत, शिकायला याहून चांगलं इंजिन नाही. रात्रभर थंड झालेल्या इंजिनावरच हात घाला. थंड असताना फट साधारण 0.15 मिलिमीटर, म्हणजे छपाईच्या कागदाहून जराशी जाड. गरम इंजिनाचा आकडा वेगळा आणि मोठा असतो, कारण ॲल्युमिनियमचं हेड तापल्यावर जास्त फुगतं. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडाच अंतिम धरा. व्हॉल्व्हवरचं कव्हर उतरवा. प्लग काढले की क्रँक हाताने सहज फिरतो. ज्या सिलिंडरची फट मोजायची त्याचा पिस्टन सर्वांत वर आल्याची खूण जुळली आणि त्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर सैल असतील, तर जागा बरोबर. एखादा दाबलेला असेल, तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा.

आता फटीत फिलर गेजची (मोजमापाच्या पातळ पट्ट्यांची) पट्टी घाला, पण पाना लगेच उचलू नका. आधी सहाही व्हॉल्व्हचे आकडे वहीत लिहा. मोजणं आणि सेट करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं काम प्रत्येक उत्साही मालकाने जरूर करावं. आकडे मर्यादेत असतील तर कव्हर लावून टाका. नसतील तर लॉकनट सैल करून स्क्रू फिरवा. योग्य पट्टी किंचित अडत सरकली पाहिजे, तिच्याहून जाड पट्टी आत जाता कामा नये. लॉकनट आवळताना स्क्रू त्याच्यासोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. घरचं काम बिघडतं ते बहुतेक इथेच. रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल, तर सपाट पट्टी त्यावरून पुलासारखी जाते आणि खरी फट दाखवत नाही. तिथे आवाज राहिला, तरी तो मारण्यासाठी स्क्रू आवळत बसू नका. चालू इंजिनावर कानाने सेटिंग करणारे कुशल हात मी पाहिले आहेत, तरी एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह मी कुणाच्या कानावर सोडणार नाही.

वहीतला एखादा आकडा दर वेळी कमी होत असेल, तर तो व्हॉल्व्ह सीटमध्ये बुडत चालला आहे. तेव्हा काँप्रेशन मोजून घ्या आणि हेडच्या कामासाठी पैसे बाजूला ठेवा. कव्हर लावताना पॅकिंग नवं घाला आणि पहिल्या फेरीनंतर कडेला तेल झिरपतं का ते बघा.