पान एकशे एकावन्न

ट्रक उलटला, पिंपं फुटली, पांढरी पूड डांबरावर पसरली आणि पाठोपाठ केबिनने पेट घेतला. पहिला बंब पोचतो तेव्हा त्यावरच्या जवानाला रसायनशास्त्र येत असेलच असं नाही, आणि यायची गरजही नाही. त्याला हवे असतात चार आकडे. ट्रकच्या पाटीवर २६३० दिसलं, की पुस्तक उघडायचं, पिवळ्या कडेच्या पानांत २६३० शोधायचं. समोर लिहिलेलं असतं १५१. मग केशरी कडेच्या पानांत १५१ काढायचं. आता काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे समोरासमोरच्या दोन पानांत सापडतं.

पुस्तकाचं नाव इमर्जन्सी रिस्पॉन्स गाइडबुक. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांची वाहतूक खाती मिळून ते काढतात. तिघांची पहिली एकत्र आवृत्ती १९९६ ची, ताजी २०२४ ची, आणि मधली बरीच वर्षं दर चार वर्षांनी ते नवं होत आलं आहे. अमेरिकेत प्रत्येक आपत्कालीन वाहनात एक प्रत असावी असा हेतू असल्याने तिथल्या यंत्रणांना ते फुकट मिळतं. हजारो रसायनं आणि त्यांच्यासाठी साठेक मार्गदर्शिका, एवढाच त्याचा पसारा. पिवळ्या पानांत आकड्यावरून शोधा, निळ्या पानांत नावावरून. हवेतून लांब पसरणाऱ्या विषारी वायूंपासून राखायची अंतरं हिरव्या पानांत आहेत. काहीच कळलं नाही, ना पाटी ना कागद, तर १११ उघडा. माहिती नसलेल्या माणसासाठीसुद्धा एक पान राखून ठेवलंय, हे मला या पुस्तकाचं मोठेपण वाटतं.

हा लेख १५१ या एकाच जोडपानाबद्दल आहे. २६३० हा संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला सेलेनेट आणि सेलेनाइट यांचा, म्हणजे सेलेनियमच्या क्षारांचा क्रमांक. वर्ग ६.१, विषारी पदार्थ. पॅकिंग गट पहिला, म्हणजे सर्वांत धोकादायक. आर्सेनिक ट्रायऑक्साइडही याच पानावर येतं, यावरून शेजार कसा आहे ते कळावं.

सेलेनियम स्वीडनच्या बर्झेलियसने १८१७ मध्ये गंधकाम्लाच्या कारखान्यातल्या गाळात शोधलं. आज ते मुख्यतः तांबं शुद्ध करताना उरणाऱ्या गाळातून मिळतं. काचेतली हिरवट झाक घालवायला ते लागतं आणि लाल काच करायलाही लागतं. पण सोडियम सेलेनाइट आपल्या ताटाच्या सगळ्यात जवळ येतं ते कोंबड्या-गुरांच्या खाद्यातून. कारण हे विष पोषणद्रव्यही आहे. माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम पुरतं. अमेरिकी तज्ज्ञांनी प्रौढांसाठी वरची मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम ठरवली आहे. हवं आणि नको यांच्यातलं अंतर इतकं कमी असलेली पोषणद्रव्यं फार नाहीत.

पशुखाद्यात अमेरिकेतली मर्यादा दहा लाख भागांत ०.३ भाग, म्हणजे टनाला एक तृतीयांश ग्रॅमसुद्धा नाही. सोडियम सेलेनाइटच्या वजनात साधारण ४५ टक्के सेलेनियम असतं. म्हणजे पंचवीस किलोचं एक पिंप सुमारे अडतीस हजार टन खाद्याला पुरावं. रस्त्यावर सांडतं ते असं पिंप.

मिसळताना दशांशचिन्ह सरकलं तर काय होतं, याचे दाखले अमेरिकेतच आहेत. २००८ मध्ये एका पोषक द्रवात ठरल्याच्या दोनशेपट सेलेनियम पडलं. दर मात्रेत २०० ऐवजी ४०,८०० मायक्रोग्रॅम. दहा राज्यांत २०१ माणसं आजारी पडली. केस गळले, नखं गेली, जुलाब, सांधेदुखी. पुढच्याच वर्षी फ्लोरिडातल्या पोलो स्पर्धेत एकाच संघाचे २१ घोडे मेले. त्यांना टोचलेल्या मिश्रणात सेलेनियम जास्त झालं होतं. आपल्याकडे हे नाव घराघरात पोचलं ते बुलढाण्यामुळे. २०२४ संपता संपता शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांची टक्कलं पडू लागली, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी पंजाबकडून आलेल्या रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. पंजाबातल्या नवांशहर-होशियारपूर भागातल्या काही जमिनींत सेलेनियम मुळातच जास्त आहे, ही गोष्ट शेतीशास्त्रज्ञांना जुनी. आपल्याला ती टक्कल पडल्यावर कळली.

आता पान १५१ कडे. डाव्या पानावर धोके आणि लोकांचा बचाव, उजव्या पानावर आग, सांडलवंड आणि प्रथमोपचार. पहिलं वाक्यच सांगतं की हे श्वासातून, तोंडातून किंवा कातडीतून आत गेलं तर जीव जाऊ शकतो. घन पदार्थ सांडला असेल तर चहूबाजूंनी २५ मीटर मोकळे करा, द्रव असेल तर ५०. टँकर किंवा रेल्वेची टाकी आगीत सापडली असेल तर ८०० मीटर. अंगावर पॉझिटिव्ह प्रेशरचा बीए सेट, म्हणजे श्वसनयंत्र हवं. फायरमनचा नेहमीचा अंगरखा आगीच्या झळांपासून वाचवतो, रसायनापासून फारसा नाही, हेही पान बजावून सांगतं. सांडलेल्या पुडीला हात लावू नका, तिच्यातून चालू नका. पसरू नये म्हणून प्लॅस्टिकचा कागद टाका, कोरडी माती किंवा वाळू घाला, डब्यांत भरा. डब्यांत पाणी जाऊ देऊ नका.

आगीचा भाग मात्र सावकाश वाचावा लागतो. सेलेनियमचे क्षार स्वतः जळत नाहीत. जळतात लाकडी पॅलेट, पिंपातली प्लॅस्टिकची पिशवी, गाडीचं डिझेल, टायर. क्षार त्या उष्णतेत तापतो आणि धुरात सेलेनियमची विषारी ऑक्साइडं मिसळतात. कामाच्या ठिकाणच्या हवेत घनमीटरला एक मिलिग्रॅम सेलेनियम झालं की ती जागा जीवाला तात्काळ धोक्याची मानतात. म्हणून वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहा, उंचावरून या. आग छोटी असेल तर कोरडी पावडर, कार्बन डायऑक्साइड किंवा पाण्याचा फवारा. मोठी असेल तर फवारा, धुकं, साधा फोम. आणि मग दोन सूचना: पाण्याचा सरळ, जोरकस झोत मालावर मारू नका, आणि आग विझवताना वाहून जाणारं पाणी बांध घालून अडवा.

बंब चालवणाऱ्याला हे उलटं वाटतं. नोझल उघडून झोत मारायचा, याचीच त्याला सवय. पण सोडियम सेलेनाइट पाण्यात सहज विरघळतं. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या लिटरभर पाण्यात सेलेनियम ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नको. हिशेब करून पाहा. एक किलो क्षारात साडेचारशे ग्रॅमच्या वर सेलेनियम. त्याला त्या मर्यादेपर्यंत पातळ करायला साडेचार कोटी लिटर पाणी लागेल. साडेचार हजार लिटरचा एक बंब धरला तर दहा हजार बंब. अख्ख्या पिंपाचा हिशेब मांडण्यात अर्थच नाही. झोताने तुम्ही आग विझवता आणि त्याच झोताने विष कडेच्या नाल्यात ढकलता.

हे कल्पनेतलं नाही. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ श्वाइत्सरहाले इथे सँडोझचं कीटकनाशकांचं गोदाम पेटलं. आग विझली, पण विझवायचं पाणी पाऱ्याची संयुगं आणि कीटकनाशकं घेऊन ऱ्हाइन नदीत गेलं. त्यातल्या रंगाने नदी लाल झाली, आणि खाली शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले. तिथे सेलेनियम नव्हतं, पण गणित हेच. त्यानंतर रसायनांच्या गोदामांना विझवणीचं पाणी साठवायचे हौद असले पाहिजेत, हा विचार युरोपात रुजला.

आणि सेलेनियम नाल्यात गेलं तर ते वाहून संपत नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन होआकिन खोऱ्यात शेतीचा निचरा केस्टरसन जलाशयात सोडत. १९८३ मध्ये तिथल्या पाणपक्ष्यांच्या अंड्यांत डोळे नसलेली, चोच-पाय वाकडे असलेली पिल्लं सापडली. निचऱ्याच्या पाण्यातलं सेलेनियम शेवाळात, शेवाळातून किड्यांत, किड्यांतून पक्ष्यांत चढत गेलं होतं. १९८६ मध्ये निचरा बंद केला आणि पुढे जलाशयाचे खळगे मातीने बुजवले. म्हणूनच अमेरिकेचे २०१६ चे निकष वाहत्या पाण्याला लिटरमागे ३.१ मायक्रोग्रॅमपर्यंत मुभा देतात, साचलेल्या पाण्याला फक्त १.५. तळ्यात ते साठून राहतं.

बाधिताला काय करायचं, तेही पान सांगतं. मोकळ्या हवेत न्या, कपडे उतरवा, कातडी आणि डोळे वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं धुवा. तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका. परिणाम उशिरा दिसू शकतात, तेव्हा माणूस आत्ता बरा दिसतोय म्हणून घरी पाठवू नका. श्वासाला लसणासारखा वास येणं ही सेलेनियमची जुनी ओळखखूण, पण तिच्या भरवशावर थांबणं शहाणपणाचं नाही. हमखास उतारा असं औषध नाही. आर्सेनिक-पाऱ्यावर देतात ते डायमरकॅप्रॉल इथे उलट अपाय करू शकतं, म्हणून टाळतात.

भारतात हे पुस्तक कायद्याचा भाग नाही, पण कायदा त्याच वाटेने जातो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत धोकादायक माल नेणाऱ्या गाडीवर दोन्ही बाजूंना आणि मागे इमर्जन्सी इन्फर्मेशन पॅनेल लागतं. मालाचं नाव, वर्ग, माल पाठवणाऱ्याचा आणि मदतीचा फोन त्यावर असतो. चालकाला तीन दिवसांचं प्रशिक्षण हवं, शिवाय एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवी. टँकरवर हॅझकेम हा ब्रिटिश संकेतही दिसतो. त्यातलं पहिलं अक्षर डब्ल्यू, एक्स, वाय किंवा झेड असेल तर अर्थ एकच, सांडलेलं अडवा, धुवून टाकू नका. भोपाळनंतर १९९६ च्या नियमांनी जिल्ह्यापर्यंत आणि स्थानिक पातळीपर्यंत संकटनिवारण गट आणले. ठाणे-बेलापूरसारख्या पट्ट्यांत कारखान्यांचे परस्पर मदत गट आहेत, आणि पुण्याजवळ सुदुंबऱ्याला एनडीआरएफची पाचवी बटालियन.

पण ती बटालियन येईपर्यंत पहिला अर्धा तास गावच्या बंबाचा, हवालदाराचा आणि बघ्यांचा असतो. या नियम-यंत्रणांतलं बहुतेक सगळं टँकर डोळ्यांसमोर ठेवून बेतलेलं आहे, हीच मोठी अडचण. सेलेनाइट क्वचितच टँकरने जातं. ते जातं पंचवीस किलोच्या पिंपात, इतर मालाच्या ढिगात, ताडपत्रीखाली. गोदामात तेच पिंप फोडून लहान पिशव्यांत भरलं की लेबल मागे राहतं आणि चार आकडे हरवतात. मग पान १५१ कितीही चांगलं असो, ते कुणी उघडणार नाही. आपल्या अग्निशमन केंद्रांत नवे बंब येतात, त्यांचे फोटोही छापून येतात. मी त्यांच्याआधी वाळूच्या गोण्या, प्लॅस्टिकचे जाड कागद आणि नाल्याच्या तोंडावर टाकायची झाकणं मागेन.

खाद्य, काच किंवा रसायनांच्या धंद्यात असाल तर पिंप फोडल्यावर प्रत्येक पिशवीवर २६३० लिहा. गोदामाच्या दारावर आत काय आहे ते मराठीत लावा. आणि रस्त्यावर अशी गाडी उलटलेली दिसली तर मोबाइलवर शूटिंग करायला जवळ जाऊ नका. वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहा, ११२ ला फोन करा आणि सगळ्यात आधी पाटीवरचे चार आकडे सांगा.