पार्किंग खाली, घर वर!

26 जानेवारी 2001. सकाळचे 8 वाजून 46 मिनिटे. कच्छमध्ये भचाऊजवळ धरणी हादरली आणि तेथून 200 किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत सिमेंट-काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. शेकडो लोक दगावले. बहुसंख्य इमारती मात्र उभ्याच राहिल्या. मग याच का पडल्या?

पहिले कारण जमीन. साबरमतीकाठच्या गाळाच्या जाड थरांत भूकंपलहरींचा जोर वाढतो. शिवाय प्रत्येक इमारतीची डोलण्याची एक लय असते. बुटकी इमारत भराभर डोलते, उंच सावकाश. जमिनीची लय तिच्याशी जुळली, की झोक्याला वेळेवर धक्का मिळावा तसे हेलकावे वाढत जातात.

दुसरे कारण तळमजला. वरच्या मजल्यांवर खांबांमध्ये विटांच्या भिंती असतात, म्हणून तो भाग ताठ राहतो. खाली गाड्यांसाठी नुसतेच खांब. हादरा बसला, की वरची इमारत पेटीसारखी एकसंध हलते आणि सारा ताण तळच्या खांबांवर येतो. गच्चीवरच्या पाण्याच्या मोठ्या टाक्या त्यात भर घालतात, कारण वजन जितके जास्त, तितका भूकंपाचा मारा जास्त.

तिसरे कारण डोळ्यांना दिसत नाही. खांबातील उभ्या सळ्यांना रिंगा जखडून ठेवतात. रिंगा विरळ असल्या किंवा त्यांची टोके काटकोनातच वाकवली असली, तर वरचे काँक्रीट फुटताच त्या उघडतात, सळ्या फाकतात आणि खांब चिरडतो. म्हणून टोके 135 अंशांत आत वळवायची आणि खांबाच्या वर-खाली रिंगा दाट बांधायच्या. खांब तुळईपेक्षा बळकट हवा. तुळईला तडे गेले तरी इमारत तग धरते, खांब गेला तर सारेच खाली येते.

रिंगांचे हे नियम भारतीय मानक ब्यूरोने 1993 मध्येच छापले होते, पण अनेक ठिकाणी ते पाळले गेले नाहीत. भूकंपानंतर, 2002 च्या सुधारित मानकात, अशा मोकळ्या मजल्याचे खांब अडीचपट बळ धरून आखण्यास सांगण्यात आले.

फ्लॅट घेताना फरशी आणि नळ पाहतो, तसे स्ट्रक्चरल इंजिनिअरचे नकाशेही मागावेत. दुकानासाठी किंवा मोठ्या हॉलसाठी खांब-तुळयांना छिन्नी लावू देऊ नये. जुन्या इमारतीच्या पार्किंगमध्ये योग्य जागी काँक्रीटच्या भिंती उभारून किंवा खांबांना नवे आवरण चढवून तिला बळ देता येते. सोसायटीच्या पुढच्या सभेत रंगकामाआधी हा विषय घ्यावा.