ओढ्याचा धडा

सातबाऱ्यावर ओढ्याची जागा 'पोटखराब' या सदरांत मांडली जाते. आकारणीच्या दृष्टीनें तें योग्यच होय. कारण तेथें पीक निघत नाहीं. परंतु जेथें पीक नाहीं तेथें कांहींच नाहीं, असा समज मुलांच्या मनांत रुजूं लागला तर तो शेतीस घातक ठरेल. म्हणून शाळेंतील मुलांस ओढ्याचा धडा ओढ्याच्या कांठींच द्यावा, असें आमचें मत आहे.

कॅनडा व अमेरिका येथील कित्येक शाळांत वर्गांतच थंड पाण्याची टाकी ठेवून सॅमन माशाचीं अंडीं उबवितात व पिलें नदींत सोडतात. हा मासा गोड्या पाण्यांत जन्मतो, समुद्रांत वाढतो आणि अंडीं घालण्यास बहुधा जन्माच्याच प्रवाहांत परततो. पाणी, किडे, झाडें व मनुष्य यांचा संबंध त्या एका माशावरून मुलांस उमगतो.

आपल्याकडे सॅमन नाहीं. मुंबईच्या बाजारांत त्या नांवानें विकला जाणारा रावस निराळ्या कुळांतला आहे. तथापि तोच धडा आपल्या गोदावरींतही आहे. गंगाखेडावरून वाहणारी हीच नदी पुढें राजमहेंद्रीस पोंचते. तेथें पावसाळ्यांत 'पुलसा' मासा समुद्रांतून अंडीं घालण्यास वर चढतो. १८५२ च्या सुमारास पुरा झालेल्या धवळेश्वरमच्या बंधाऱ्यानें त्याची पुढची वाट बहुतांशीं अडविली. रोहू व कटला यांसही विणीसाठीं पुराचें वाहतें पाणी लागतें. १९५७ सालीं ओडिशांत हिरालाल चौधरी व त्यांचे सहकारी यांनीं ग्रंथीचा अर्क टोंचून या जातींची वीण साधली, तेव्हां कोठें तळ्यांसाठीं मत्स्यबीज हुकमी मिळूं लागलें.

आपल्या ओढ्यांतही पहिल्या पुराबरोबर मासे वर चढतात. 'चढणीचे मासे' म्हणून लोक ते हौसेनें धरतात. परंतु त्यांत अंड्यांनीं भरलेल्या माद्या असतात, हें मुलांस सांगावें. मरळीची जोडी पिलांच्या थव्यावर पहारा करते. ती धरली कीं थवा इतर माशांच्या तोंडीं जातो. पूर ओसरल्यावर शिक्षकांनीं महिन्यांतून एकदां मुलांस कांठीं न्यावें, चतुराच्या अळ्या डासांच्या अळ्या कशा खातात तें दाखवावें, आणि पाण्याचा रंग, वास, किडे व मासे यांची नोंद एका वहींत ठेववावी. यास खर्च असा कांहींच नाहीं.

मात्र ती वही शेतकऱ्यांसही वाचावी लागेल. कपाशीवरील सायपरमेथ्रिन माशांस व पाणकिड्यांस अत्यल्प प्रमाणांतही मारक असतें. आणि फवारणीचा पंप पुष्कळदां ओढ्यांतच धुतला जातो. युरिया वाहून आला कीं शेवाळ माजतें, रात्रीं पाण्यांतील प्राणवायु घटतो व पहाटेस मासे वर येऊन तोंड वासतात. मुलानें सकाळीं मासे मोजावे आणि बापानें सायंकाळीं तेथेंच पंप खळबळावा, तर तो धडा फुकट गेला. ज्या पाण्यांत मासा जगत नाहीं, तेंच पाणी आपलीं गुरें पितात.

यास्तव पंप शेतांतच धुवावा, धुवण त्याच पिकावर फवारून टाकावें, व ओढ्याकांठीं गवताचा पट्टा राखावा. शाळा व्यवस्थापन समितींत पालक या नात्यानें आपलेच शेतकरी बंधु बसतात. येत्या पावसाळ्यापूर्वीं त्यांनीं ओढ्याच्या वहीचा ठराव करावा, आणि पहिली नोंद होण्याआधीं आपापला पंप कांठावरून हलवावा.