संगणकाच्या दारावरील पाटी

घराच्या दारावर बिऱ्हाडकरूच्या नांवाची पाटी असली म्हणजे पोस्टमनाचें काम सोपें होतें. पाटी नसेल, किंवा जुन्या बिऱ्हाडकरूची पाटी तशीच राहिली असेल, तर पत्र भलत्याच हातीं पडतें. संगणकासहि हाच न्याय लागू आहे.

संगणकाचा सर्व कारभार पाहणाऱ्या मूळ आज्ञावलीस ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. दुसरी कोणतीहि आज्ञावली संगणकावर चढवावयाची झाल्यास येथें कोणती सिस्टिम आहे व तिची आवृत्ति कोणती, हें प्रथम कळावें लागतें. उत्तर चुकलें, तर ती एक तर बसतच नाहीं, किंवा न जुळणारे भाग आणून घोटाळा करिते.

लिनक्स हें एका मोठ्या कुळाचें आडनांवच म्हणावें. डेबियन, उबुंटू, फेडोरा, सूसे हीं त्यांतील बिऱ्हाडें. पूर्वीं प्रत्येकाची पाटी निराळी असे. रेड हॅटच्या फाइलींत एक सबंध वाक्य, डेबियनच्या फाइलींत नुसता आंकडा, आणि सूसेची फाइल तिसरीच. आज्ञावली लिहिणारास हीं सर्व दारें एकामागून एक ठोठवावीं लागत. अखेर सिस्टिमडी या प्रकल्पाच्या कर्त्यांनीं 'ओएस-रिलीज' ही एकच फाइल सर्वांसाठीं सुचविली, व बहुतेकांनीं ती पतकरली. तिची जागा 'ईटीसी' या कप्प्यांत. सिस्टिमच्या बहुतेक सेटिंगच्या फाइली तेथेंच असतात.

या फाइलींत एका ओळींत एकच गोष्ट सांगितलेली असते: डावीकडे सदराचें नांव, मध्यें बरोबरीचें चिन्ह, उजवीकडे माहिती. 'प्रेटी नेम' हें सदर माणसांनीं वाचावयाचें. 'आयडी' हें यंत्रासाठीं. म्हणून त्यांत इंग्रजी लहान लिपींतील अक्षरें असतात, व मध्यें मोकळी जागा चालत नाहीं. 'व्हर्शन आयडी' आवृत्ति सांगतें, उबुंटूचा २४.०४ हा आंकडा म्हणजे २०२४ चा एप्रिल. 'आयडी लाइक' हें सदर नातें सांगतें. उबुंटू तेथें डेबियनचें नांव लिहितें. त्यामुळें उबुंटूची ओळख नसलेली आज्ञावलीहि डेबियनच्या रीतीनें आपलें काम भागवूं शकते.

ही केवळ सोयीची बाब नव्हे. सेंटओएसच्या सातव्या आवृत्तीचा सांभाळ ३० जून २०२४ रोजीं संपला. तो संगणक पूर्वींप्रमाणेंच चालत राहतो. परंतु चोरवाटा बुजविणाऱ्या दुरुस्त्या त्याच्या कर्त्यांकडून येत नाहींत. चालतें आहे म्हणून स्वस्थ बसणारास हा धोका दिसत नाहीं. आवृत्तीचा आंकडा वाचणारास तो कळतो.

तथापि पाटीवर डोळे मिटून विश्वास ठेवणेंहि बरें नाहीं. २०२१ सालीं विंडोज ११ निघाली. परंतु तिच्या रजिस्ट्री नामक नोंदवहींत नांवाच्या सदरीं 'विंडोज १०' हेंच राहिलें. खरी खूण बिल्ड क्रमांकाची. तो २२००० पासून पुढें असला म्हणजे ती अकरावी. जुन्या आज्ञावल्या गोंधळूं नयेत म्हणून ॲपलच्या २०२० च्या बिग सर या अकराव्या आवृत्तीनें तर त्यांस आपला क्रमांक १०.१६ असा सांगितला.

म्हणून जाणता आज्ञावलीकार नांव वाचतो खरा, पण हवी ती सोय तेथें आहे कीं नाहीं, हेंहि तपासून घेतो. घरीं लिनक्सचा संगणक असणारानें ही फाइल एकदां उघडून पाहावी. ती साध्या अक्षरांत लिहिलेली असते, आणि नुसती वाचल्यानें कांहींहि बिघडत नाहीं.