साठ मोठे की त्र्याहत्तर?



आमच्या घरातला एक साधा प्रसंग सांगून सुरुवात करतो. आमचा धाकटा मुलगा नववीत शिकतो आणि शाळेच्या सॉफ्टबॉल संघात खेळतो. एका रविवारी त्याने अमेरिकेतील बेसबॉलपटूंची यादी वहीत उतरवून आमच्यापुढे ठेवली आणि विचारले, "पप्पा, एका मोसमात ७३ होमरन मारणारा पहिला आहे. मग ६० मारणाऱ्याचे नाव लोक अजून का घेतात? ६० पेक्षा ७३ मोठेच ना?"

आम्ही पडलो कारकून. दिवसभर आकड्यांशीच गाठ. नुसती बेरीज पाहून सही करू नये, मागची पावतीही पाहावी, हे नोकरीने आम्हांस शिकविले आहे. म्हणून मुलाला म्हणालो, "बस इथे. आज तुझ्या यादीचा हिशोब तपासू." तो हिशोब तपासता तपासता जे हाती लागले ते आपल्यापुढे मांडत आहोत.

होमरन म्हणजे काय?

आपल्या घरांतून क्रिकेट सर्वांनाच कळते. होमरन हा बेसबॉलमधला षटकार समजा. चेंडू सरळ मैदानाच्या कुंपणापलीकडे गेला की फलंदाज चारही 'बेस' फिरून येतो आणि धाव मिळते. वाटेतल्या बेसवर साथीदार उभे असतील तर त्यांच्याही धावा होतात, म्हणजे एका फटक्यात जास्तीत जास्त चार. फरक एवढाच की क्रिकेटमध्ये फलंदाज दिवसभर टिकू शकतो, बेसबॉलमध्ये मात्र सामन्यात साधारण चार-पाच वेळाच त्याची पाळी येते. प्रत्येक पाळीला मोजकेच चेंडू मिळतात. म्हणून तिथे होमरनचे मोल फार.

आता यादी पाहा. बेब रूथ, १९२७ साली ६०. रॉजर मॅरिस, १९६१ साली ६१. मार्क मॅग्वायर, १९९८ साली ७०. बॅरी बॉन्ड्स, २००१ साली ७३. ॲरन जज, २०२२ साली ६२. आणि २०२५ साली सिएटलच्या कॅल रॅली याने ६० मारले, तेही कॅचर असून! कॅचर म्हणजे आपला यष्टिरक्षक. सामनाभर गुडघे मोडून बसायचे आणि मग फटकेबाजीही करायची.

पहिली तपासणी : सामने किती?

रूथच्या काळी मोसमात १५४ सामने होत. १९६१ साली मॅरिसच्या लीगमध्ये दोन संघ वाढले आणि सामने १६२ झाले. मॅरिस रूथच्या जवळ पोहोचू लागला तसे खेळाचे आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी मोसमाच्या मध्यावरच जाहीर केले की, १५४ सामन्यांत विक्रम मोडला तरच तो रूथचा विक्रम मोडला असे धरू, नाहीतर वेगळी नोंद ठेवू. १५४ सामन्यांअखेर मॅरिसचे ५९ झाले होते. एकसष्टावा त्याने १ ऑक्टोबर १९६१ रोजी, मोसमाच्या शेवटच्या दिवशी मारला. त्या उन्हाळ्यात ताणाने त्याच्या डोक्याचे केस पुंजक्यांनी गळत होते. वेगळी नोंद रद्द झाली १९९१ मध्ये. मॅरिस १९८५ मध्येच वारला होता. शर्यत चालू असताना नियम बदलला की असे होते. ज्याचे श्रेय त्याला मिळाले, पण ते घ्यायला तो उरला नव्हता.

सामन्यांपेक्षा पाळ्या मोजल्या तर चित्र आणखी स्पष्ट होते. चार वाईट चेंडू पडले तर फलंदाज फुकट पहिल्या बेसवर जातो. ती पाळी सोडून उरलेल्या मोजायच्या. रूथने १९२७ मध्ये ५४० पाळ्यांत ६० मारले, म्हणजे नऊ पाळ्यांमागे एक. मॅरिसला ५९० पाळ्या लागल्या. जजला ५७०. बॉन्ड्सने मात्र अवघ्या ४७६ पाळ्यांत ७३ मारले, म्हणजे साडेसहा पाळ्यांमागे एक. गोलंदाज त्याला इतके भीत की त्या मोसमात १७७ वेळा तो फुकट बेसवर गेला. मुलगा म्हणाला, "बघा पप्पा, बॉन्ड्सच पहिला!" आम्ही म्हणालो, "थांब. वही अजून मिटू नकोस."

दुसरी तपासणी : शेजारी किती मारत होते?

ज्या गावात सगळेच पदवीधर आहेत तिथे पदवीधर होणे वेगळे आणि ज्या गावात पहिला मॅट्रिक झाला तिथे मॅट्रिक होणे वेगळे. खेळाचेही तसेच आहे.

१९२० साली रूथने ५४ होमरन मारले. त्या लीगमधील दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूचे किती होते? १९. लीगमधल्या इतर सातही संघांपैकी एकाही संघाला वर्षभरात मिळून ५४ मारता आले नाहीत! १९२७ साली त्या आठ संघांच्या लीगमध्ये एकूण ४३९ होमरन झाले, म्हणजे सरासरी एका संघाचे ५५. एकट्या रूथचे ६०. एक माणूस एका संघापेक्षा भारी. २००१ साली बॉन्ड्सच्या लीगमध्ये १६ संघ मिळून २,९५० च्या आसपास होमरन झाले, म्हणजे संघामागे सुमारे १८४. बॉन्ड्सचे ७३ म्हणजे त्याच्या चाळीस टक्के. तेही थोडे नव्हे. पण आपल्या काळापुढे उडी मारण्यात रूथच्या जवळ कोणी फिरकत नाही.

तिसरी तपासणी : अंगात काय होते?

१९९८ साली मॅग्वायर आणि सॅमी सोसा यांची शर्यत लागली. एकाचे ७०, दुसऱ्याचे ६६. सारी अमेरिका वेडी झाली होती. पुढे २०१० मध्ये मॅग्वायरने स्वतःच कबूल केले की त्याने स्टेरॉइड घेतले होते, १९९८ सालीसुद्धा. बॉन्ड्सवरही तोच आरोप झाला. आपण जाणूनबुजून काही घेतले नाही असे त्याने न्यायालयापुढे सांगितले. न्यायाच्या कामात अडथळा आणल्याबद्दल २०११ मध्ये तो दोषी ठरला आणि २०१५ मध्ये वरच्या न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. पण क्रीडालेखकांनी दहा वर्षे मतदान करूनही त्याला कीर्तिमंदिरात घेतले नाही. खेळाडूंच्या तपासणीत सापडल्यास शिक्षा, ही पद्धत या लीगमध्ये २००४ पासून सुरू झाली. त्याआधीचे आकडे खरे आहेत, पण पावतीवर डाग आहे. जजचे ६२ आणि रॅलीचे ६० हे तपासणीच्या काळातले आहेत, हे विसरू नये.

चौथी तपासणी : मैदानात कोणाला येऊच दिले नाही?

इथे आमचा हात थबकला. वाचकहो, मुलाच्या यादीत १९४७ पूर्वीची जी नावे होती ती सगळी गोऱ्यांची होती. का? काळ्यांना फटका मारता येत नव्हता काय? नाही. त्यांना आत येऊ दिले जात नव्हते. १८८० च्या दशकात एक-दोन काळे खेळाडू मोठ्या लीगमध्ये खेळले आणि मग दार बंद झाले. विशेष म्हणजे त्याचा लेखी नियम कुठेच नव्हता. मालकांची आपसांतली समजूत होती, बस्स! लेखी नसलेला नियम किती पक्का असतो हे आपल्या वाचकांस आम्ही काय सांगावे?

काळ्यांनी आपल्या वेगळ्या लीग काढल्या. त्यांत जॉश गिब्सन नावाचा कॅचर होता. जन्म १९११, जॉर्जिया राज्यातला. त्याचा 'होमस्टेड ग्रेज' संघ आपले पुष्कळसे सामने वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ मैदानावर खेळे. ते मैदान वॉशिंग्टनच्या गोऱ्या संघाच्या मालकाचे. काळ्यांकडून मैदानाचे भाडे चालत होते, काळा खेळाडू संघात चालत नव्हता! काळ्यांच्या लीगचे सामने वर्षाला साठ-सत्तरच होत. बाकीचे दिवस बसने गावोगाव फिरून सामने करायचे, तेव्हा पोट भरे. त्या सामन्यांच्या नोंदी कोण ठेवणार? म्हणून अधिकृत खात्यावर १९४३ साली गिब्सनचे होमरन फक्त २० दिसतात, पण तेच त्या लीगमधले सर्वाधिक. त्याच्या कीर्तिमंदिरातील फलकावर मात्र सारे सामने धरून जवळजवळ ८०० होमरन असे लिहिले आहे.

२० जानेवारी १९४७ रोजी गिब्सन पस्तिसाव्या वर्षी वारला. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला आणि दार उघडले. तीन महिनेही मध्ये गेले नाहीत! पुढे १९५५ साली विली मेज या काळ्या खेळाडूने ५१ होमरन मारले. दार उघडून आठच वर्षे झाली होती. आतून कडी लावून 'बाहेर कोणी लायक नाही' म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

आणखी एक गोष्ट. रूथने आपला पहिला होमरन ६ मे १९१५ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स या मैदानावर मारला. त्या वेळी मॅनहॅटनच्या त्याच उत्तर भागात, कोलंबिया विद्यापीठात, बाबासाहेब एम. ए. चा अभ्यास करीत होते. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी काळ्यांचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या व निग्रोंच्या स्थितीतील साम्याची जाणीव दिली होती. तेव्हा गिब्सन अजून ग्रेजकडूनच खेळत होता.

रेषा ओढण्याचा रोग एका देशापुरता नाही. जपानमध्ये सादाहारू ओह याने १९६४ साली ५५ होमरन मारले. त्याचे वडील चिनी. शाळकरी वयात, १९५७ साली, नागरिकत्वाच्या कारणावरून त्याला राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात खेळू दिले नव्हते. पण पुढे १९८५, २००१ व २००२ साली परदेशी खेळाडू त्याच्या ५५ पर्यंत पोहोचू लागले, तेव्हा गोलंदाज मुद्दाम लांब चेंडू टाकून त्यांना अडवू लागले. ओह ज्याचा व्यवस्थापक होता त्या संघाचे गोलंदाजही त्यांत होते. शेवटी २०१३ मध्ये व्लादिमीर बॅलेंटीन याने ६० मारून तो विक्रम मोडला.

मोसम आणि आयुष्य

एका मोसमाच्या यादीत ज्याचे नाव वर येत नाही त्या हँक ॲरनला आम्ही विसरू शकत नाही. त्याचा उत्तम मोसम १९७१ चा, ४७ होमरनचा. पन्नाशी त्याने कधी गाठली नाही. पण वर्षामागून वर्षे तो मारीत राहिला आणि ८ एप्रिल १९७४ रोजी रूथचा ७१४ चा आयुष्यभराचा विक्रम त्याने मागे टाकला. अखेरीस ७५५ वर थांबला. त्या वाटेवर त्याला ठार मारण्याच्या धमक्यांची पत्रे येत होती, कारण काळा माणूस गोऱ्याच्या पुढे जात होता. तरी रोज सकाळी उठून तो कामावर गेला. आपल्या गिरणीतल्या, गोदीतल्या वडीलधाऱ्यांप्रमाणेच.

मग उत्तर काय?

मुलगा शेवटी म्हणाला, "पप्पा, मग पहिला कोण ते तरी सांगा." आमचे मत असे. आपल्या काळाच्या सर्वांत पुढे गेला तो १९२० चा रूथ, पण त्याच्यासमोर काळे गोलंदाज उभेच राहू दिले नव्हते. नुसत्या आकड्याने पहिला बॉन्ड्स, पण पावतीवर डाग. सर्व रंगांचे, सर्व देशांचे गोलंदाज समोर, तपासणी चालू, तरीही ६२, असा ॲरन जजचा २०२२ चा मोसम आम्हांस सर्वांत सरळ हिशोबाचा वाटतो. कोणी वेगळा हिशोब मांडला तर आम्ही आनंदाने ऐकू.

डिसेंबर २०२० मध्ये काळ्यांच्या सात जुन्या लीगना मोठ्या लीगचा दर्जा मिळाला. मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे मुख्य खात्यात आले आणि आयुष्यभराच्या फलंदाजीच्या सरासरीत जॉश गिब्सन सर्वांच्या वर गेला. मरणानंतर ७७ वर्षांनी! पण जे सामने त्याला खेळूच दिले नाहीत त्यांचे होमरन कोणत्या खात्यात जमा करणार?

मुलाने वहीत रूथच्या वर एक ओळ मोकळी सोडली आणि तिथे गिब्सनचे नाव लिहिले. आकड्याची जागा कोरी ठेवली. आम्ही ती वही तपासून सही केली.

आई-वडिलांना एवढीच विनंती की, मुलाने गुणपत्रिका किंवा कसलीही यादी पुढे केली तर नुसता वरचा आकडा पाहू नका. त्याला किती संधी मिळाली, समोर कोण होते आणि बाहेर कोणाला ठेवले होते, हेही त्याच्याजवळ बसून विचारा.